मदतीचे व्याकरण आणि हरवलेला कर्ता

ढिगाऱ्याखाली माणसे अडकलेली असताना वाक्यरचनेची चिकित्सा करीत बसणे ही साहित्याच्या अध्यापकांची चैन आहे, असा एक आक्षेप आपल्याकडे नेहमी घेतला जातो. आपत्ती आली की प्रथम हात पुढे करावा, शब्दांचा काथ्याकूट नंतर. आणि हे 'नंतर' तर कधीच येत नाही, कारण तोवर दुसरी आपत्ती आलेली असते. हा आक्षेप वरवर माणुसकीचा वाटतो, म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड जाते. आम्ही येथे ते देऊ इच्छितो, आणि त्यासाठी हैतीचे उदाहरण घेतो. हैतीत २०१० नंतर जे घडले त्यात वाक्यरचना हा जिवावरचा प्रश्न होता, असे आमचे म्हणणे आहे. कोणी काय केले हे सांगणारे एक साधे वाक्य उच्चारायला जगातल्या सर्वांत मोठ्या संस्थेला सहा वर्षे लागली. त्या सहा वर्षांत माणसे मरत होती.

घटना थोडक्यात अशी. १२ जानेवारी २०१० रोजी संध्याकाळी पाचला काही मिनिटे असताना हैतीच्या राजधानीपासून जवळच, लेओगान या गावाच्या परिसरात ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा मोठा भाग कोसळला. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, बहुतेक मंत्रालये, कॅथीड्रल, शाळा, रुग्णालये, सारे गेले. सुमारे पंधरा लाख माणसे बेघर झाली. मृतांचा सरकारी आकडा तीन लाख सोळा हजारांचा आहे आणि स्वतंत्र अंदाज त्याच्या निम्म्याहूनही खाली जातात. म्हणजे मेलेल्यांच्या मोजणीतच लाखाहून अधिक माणसांचा फरक पडतो. ज्या संस्थेवर आम्ही पुढे टीका करणार आहोत त्या संयुक्त राष्ट्रसंघाचीही १०२ माणसे त्या संध्याकाळी गेली. तिच्या हैतीतल्या मोहिमेचे प्रमुखही आपल्या कचेरीच्या ढिगाऱ्याखाली सापडले. हे विसरून पुढचे लिहिणे योग्य होणार नाही.

आता पहिले वाक्य घेऊ: 'हैतीवर निसर्गाचा कोप झाला.' मराठी वृत्तपत्रांचा हा आवडता साचा, 'मृत्यूचे तांडव' या दुसऱ्या साच्याइतकाच जुना. अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणीवरच्या धर्मोपदेशकाने, पॅट रॉबर्टसन यांनी, भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी याची अधिक भडक आवृत्ती काढली: स्वातंत्र्यासाठी हैतीच्या लोकांनी सैतानाशी करार केला होता, त्याचे हे फळ. आपण हसतो आणि पुढे जातो. पण 'कोप' आणि 'सैतानाचा करार' यांत अंतर फारसे नाही; दोन्हींत सिमेंट नाही, वाळू नाही, बांधकामाचे नियम नाहीत. त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला चिलीमध्ये ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, ऊर्जेच्या हिशेबात हैतीच्या काहीशे पट मोठा. तेथे सुमारे सव्वापाचशे माणसे गेली. केंद्राची खोली, शहरापासूनचे अंतर हे सर्व जमेस धरले तरी उरलेला फरक निसर्गाने केलेला नाही. तो घरे कोणी, कशी आणि कोणत्या पैशाने बांधली याचा फरक आहे.

आणि हा पैसा कोठे गेला होता? 'हैती हा पश्चिम गोलार्धातला सर्वांत गरीब देश आहे' हे वाक्य त्या जानेवारीत जगभरच्या बातम्यांत इतक्या वेळा आले की ते देशाच्या नावाला लावलेल्या बिरुदासारखे झाले. या वाक्यातले 'आहे' हे क्रियापद आमच्या मते लबाड आहे. डोंगर उंच आहे, समुद्र खारट आहे, तसा हैती गरीब आहे. वस्तुतः हैतीला गरीब करण्यात आले, आणि करणाऱ्यांची नावे इतिहासात नोंदलेली आहेत. १८०४ साली गुलामांनी स्वतःच्या बळावर स्वातंत्र्य मिळवून स्थापन केलेले हे राष्ट्र. १८२५ मध्ये फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सने युद्धनौका पाठवून त्याच्याकडून पंधरा कोटी फ्रँकांची भरपाई मागितली: मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची, आणि या मालमत्तेत माणसेही आली. १८३८ मध्ये ही रक्कम नऊ कोटींवर आणली गेली. पण ती फेडण्यासाठी फ्रेंच बँकांकडूनच कर्ज घ्यावे लागले आणि त्या कर्जाचे शेपूट १९४७ पर्यंत वळवळत राहिले. आपल्या पूर्वजांनी स्वतःला मुक्त केले याची किंमत हैतीचा शेतकरी सव्वाशे वर्षे आपल्या कॉफीतून देत होता. १९१५ पासून १९३४ पर्यंत अमेरिकी नौसैनिक देशाचा कब्जा घेऊन बसले होते. ज्या देशांनी २०१० मध्ये विमाने पाठवली त्यांच्या आणि हैतीच्या हिशेबवहीत जुनी पाने बरीच आहेत. मदतीच्या बातमीत ती उघडत नाहीत, कारण 'आहे' या क्रियापदाला भूतकाळ नसतो.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, दात्यांना कर्ता म्हणून उभे राहायचे नसते. तसे मुळीच नाही. देताना ते अगदी ठळकपणे उभे असतात. 'अमेरिकेने दहा कोटी डॉलर जाहीर केले', 'अमुक देशाने शोधपथक पाठवले', 'तमुक कलावंताने गाणे ध्वनिमुद्रित केले'. व्याकरणाचे अध्यापक येथे आम्हांला टोकतील: 'अमेरिकेने डॉलर जाहीर केले' यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, तेव्हा हा कर्मणी प्रयोग झाला. मान्य. आमचा मुद्दा कर्ता वाक्यात हजर आहे की नाही, एवढाच. देण्याच्या वाक्यात तो तृतीयेची टोपी घालून का होईना पहिल्या जागेवर बसलेला असतो. गंमत पुढे आहे. दिलेले जेव्हा पोहोचत नाही, किंवा पोहोचून नासधूस करते, तेव्हा हाच कर्ता वाक्यातून उठून जातो.

'मदतीचा ओघ सुरू झाला' हे याचे सौम्य उदाहरण. ओघ पाण्याचा असतो. तो उताराच्या दिशेने आपोआप वाहतो. हैतीतला ओघ कसा वाहत होता? राजधानीच्या विमानतळाचे नियंत्रण अमेरिकी सैन्याने घेतले. धावपट्टी एक, उतरू पाहणारी विमाने शेकडो. कोणाला आधी उतरवायचे हे ठरवणारी माणसे होती. 'सीमारहित डॉक्टर' या संघटनेचे फुगवून उभारायचे शस्त्रक्रियागृह घेऊन आलेले विमान परतवून शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात पाठवण्यात आले, आणि तेथून ती सामग्री रस्त्याने आणावी लागली. चेंगरलेल्या हातापायांच्या बाबतीत चोवीस तास म्हणजे काय, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितले होते. जगभरातून आलेल्या शोधपथकांनी ढिगाऱ्यातून सुमारे १३० माणसे जिवंत काढली. प्रत्येक सुटका दूरचित्रवाणीवर दिसली आणि ती दिसणे योग्यच होते. मात्र त्याहून कितीतरी अधिक माणसे पहिल्या दोन दिवसांत शेजाऱ्यांनी हातांनी, पहारींनी, मोटारीच्या जॅकने बाहेर काढली होती, आणि त्यांचे चित्रण करायला कोणी पोहोचलेले नव्हते. पोहोचलेल्यांना रस्त्यावर गट करून उभी असलेली हीच माणसे दिसली आणि ती 'जमाव' झाली. कोसळलेल्या दुकानातून दुधाची भुकटी काढणारा 'लुटारू' झाला. शब्दांची ही वाटणी निरुपद्रवी नव्हती. सुरक्षेची व्यवस्था होईपर्यंत धान्याच्या गाड्या थांबवून ठेवल्या गेल्या, त्या याच शब्दांच्या भरवशावर.

पुढे समन्वयाच्या बैठका सुरू झाल्या. निवारा, पाणी, आरोग्य अशा एकेका विषयाचे गट पाडून विमानतळाशेजारच्या राष्ट्रसंघाच्या तळावर त्या भरत. तळाला पहारा, आत जाण्यास ओळखपत्र हवे. बैठकीची भाषा बहुधा इंग्रजी, कधी फ्रेंच. हैतीत जवळजवळ प्रत्येक माणूस क्रेयोल बोलतो. फ्रेंच सफाईने येणारे दहांत एखादे. १९८७ च्या राज्यघटनेने क्रेयोलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा केले आहे. म्हणजे ज्यांच्या डोक्यावर ताडपत्री टाकायची त्यांना त्या ताडपत्रीविषयीची चर्चा ऐकायला प्रथम पहारेकऱ्याला आणि मग परभाषेला ओलांडावे लागे. इंग्रजीत होणाऱ्या सभांना मान डोलावून बसण्याचा अनुभव आमच्या वाचकांना नवा नाही. परंतु त्या सभांत आपले घर कोठे बांधायचे हे ठरत नसते.

याला एक देखणा अपवाद झाला आणि तो मुद्दाम सांगितला पाहिजे, कारण तो आमच्या म्हणण्याचा पुरावा आहे. भूकंपानंतर काही दिवसांतच ४६३६ या क्रमांकावर मोबाइलवरून लघुसंदेश पाठवण्याची सोय करण्यात आली. लोक क्रेयोलमध्ये लिहीत: अमुक गल्ली, अमुक चर्चच्या मागे, पाणी नाही, बाळंतीण आहे. परदेशांत पसरलेले हैतीयन स्वयंसेवक आपापल्या घरी बसून या संदेशांचे भाषांतर करीत आणि 'अमुक चर्चच्या मागे' म्हणजे नकाशावर नेमके कोठे, तेही सांगत. असे हजारो संदेश पार झाले. परक्या तज्ज्ञाला जे उपग्रहाच्या छायाचित्रावरून कळत नव्हते ते त्या गल्लीत वाढलेल्या माणसाला कळत होते. भाषांतर हे आपल्याकडे दुय्यम काम समजले जाते. त्या आठवड्यांत ते बचावकार्य होते.

पैशांविषयी लांबण लावण्याची गरज नाही. आकडे आपणच बोलतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विशेष दूतांच्या कचेरीनेच काढलेल्या हिशेबानुसार, सुमारे २४० कोटी डॉलरांच्या तातडीच्या मदतीतला जवळजवळ तिसरा हिस्सा दात्या देशांच्या स्वतःच्याच मुलकी व लष्करी यंत्रणांकडे परत गेला. हैतीच्या सरकारच्या हाती सुमारे एक टक्का लागला आणि हैतीतल्या स्थानिक संस्थांना अर्धा टक्काही नाही. कारण विचारले तर 'भ्रष्टाचार'. हे कारण पूर्णतः खोटे नाही, पण अमेरिकी रेड क्रॉसने हैतीसाठी जवळपास ५० कोटी डॉलर जमवले आणि त्यांतून उभी राहिलेली पक्की घरे सहा, हे २०१५ मध्ये एका शोधवृत्ताने दाखवले तेव्हा त्याला 'भ्रष्टाचार' हा शब्द कोणी लावला नाही. 'आव्हानात्मक परिस्थिती', 'जमिनीच्या मालकीचे जटिल प्रश्न' असे शब्द पुढे आले. एकाच प्रकारच्या अपयशाला गोऱ्या हातात एक नाव आणि काळ्या हातात दुसरे.

पुनर्बांधणीसाठी नेमलेल्या आयोगाचे दोन सहअध्यक्ष होते: हैतीचे पंतप्रधान आणि अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन. डिसेंबर २०१० मध्ये या आयोगाच्या बारा हैतीयन सदस्यांनी लेखी तक्रार केली की, आपल्याला माहिती दिली जात नाही, निर्णय आधीच झालेले असतात आणि आपले काम त्यांवर मान्यतेचा शिक्का मारण्यापुरते उरले आहे. ही तक्रार त्यांना मांडावी लागली ती शेजारच्या देशाच्या राजधानीत, कारण बैठक तेथे होती. क्लिंटन यांच्याबद्दल मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. मार्च २०१० मध्ये अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे त्यांनी कबूल केले की, आपल्या कारकिर्दीत हैतीला तांदळावरील आयातकर उतरवायला लावला, त्याने आपल्या अर्कान्सासच्या शेतकऱ्यांचे भले झाले, पण हैतीची स्वतःचे पोट भरण्याची क्षमता गेली, आणि हे आपण केले. हैतीच्या मदतीच्या साऱ्या कागदपत्रांत 'मी केले' असे म्हणणारी वाक्ये फार थोडी आहेत. त्यांतले हे एक. त्या कबुलीनंतर धोरण किती बदलले हा निराळा प्रश्न आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ऑक्टोबर २०१० च्या मध्यास हैतीच्या मध्य भागात कॉलऱ्याचे रुग्ण दिसू लागले. त्याआधी या देशात कॉलऱ्याची नोंद नव्हती. निदान शंभर वर्षांत तरी कोणी तो पाहिलेला नव्हता. आर्तिबोनित नदीच्या काठाने रोग खाली सरकला, कारण त्या नदीचे पाणी लोक पीत, तिच्यातच धूत आणि तेच भातशेतीला देत. गावोगावच्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात बोट दाखवले ते मिर्बाले गावाजवळच्या, नदीच्या एका उपनदीवर असलेल्या, राष्ट्रसंघाच्या शांतिसैनिकांच्या तळाकडे. तेथे नेपाळहून नुकतीच नवी तुकडी आली होती आणि नेपाळात त्या सुमारास कॉलऱ्याची साथ होती. तळाच्या शौचकुंडांतला मैला ज्या प्रकारे बाहेर टाकला जाई तो पत्रकारांनी डोळ्यांनी पाहिला, नाकाने अनुभवला. रेनो पियारू या फ्रेंच साथरोगतज्ज्ञाच्या पाहणीने आणि नंतर जीवाणूच्या जनुकीय तपासणीने गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरवले. सुमारे दहा हजार माणसे मेली आणि आठ लाखांहून अधिक आजारी पडली. ज्या तुकडीबरोबर हा रोग आला त्या नेपाळी जवानांना आम्ही दोष देत नाही. ते स्वतः गरीब देशातून भाड्याच्या शांततेसाठी आलेले. त्यांची तपासणी करायला हवी होती आणि मैल्याची नीट व्यवस्था लावायला हवी होती, ती त्यांना पाठवणाऱ्या संस्थेने.

त्या संस्थेने काय म्हटले? प्रथम, उगम शोधणे महत्त्वाचे नाही, उपचार महत्त्वाचे. (शब्दांचा काथ्याकूट नंतर, या आक्षेपाचेच हे भावंड.) मग २०११ मध्ये तिनेच नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीचा अहवाल आला. रोगाचा जीवाणू नदीत माणसाच्या विष्ठेतून आला, तो दक्षिण आशियातल्या वाणाशी मिळताजुळता आहे, तळावरची स्वच्छताव्यवस्था अपुरी होती, असे सारे सांगून झाल्यावर अहवालाचा निष्कर्ष असा की ही साथ अनेक परिस्थिती एकत्र आल्यामुळे उद्भवली आणि तिचा दोष कोणा व्यक्तीचा वा गटाचा नाही. याच समितीच्या सदस्यांनी पुढे, २०१३ मध्ये, नव्या पुराव्यानंतर तळच बहुधा उगम होता असे स्वतंत्रपणे लिहिले, हे त्यांच्या सचोटीचे लक्षण. पण संस्थेने त्या पहिल्या वाक्याचा आसरा सोडला नाही. हजारो पीडितांच्या वतीने केलेले भरपाईचे दावे फेब्रुवारी २०१३ मध्ये एका छोट्या पत्राने परतवले गेले: ते स्वीकारार्ह नाहीत. पुढे प्रकरण अमेरिकी न्यायालयांत गेले आणि संस्थेला असलेल्या कायदेशीर अभयाच्या आधारे २०१६ मध्ये तेथूनही निकाली निघाले.

मराठी व्याकरणात एक प्रयोग आहे. काही व्याकरणकार त्याला भावकर्तरी म्हणतात, काही अकर्तृक भावे. त्याची उदाहरणे शाळेतल्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक आहेत: उजाडले, सांजावले, मळमळते, आज सारखे गडगडते. या वाक्यांत कर्ता लपलेला नसतो. तो मुळात नसतोच. कोणी उजाडवीत नाही, आपोआप उजाडते. भाषेने हा प्रयोग राखून ठेवला आहे तो आकाशासाठी आणि पोटातल्या कळांसाठी. अशाच एका घटनेला, भूकंपाला, हैतीच्या सामान्य लोकांनी जे नाव दिले तेही या जातीचे आहे: 'गुदुगुदु'. जमिनीच्या पोटातून आलेल्या आवाजाची ही नक्कल आहे आणि आमच्या 'गडगड'ची ती सख्खी बहीण शोभेल. भूकंप गुदुगुदु होतो. त्याला कर्ता नाही हे तेथल्या निरक्षर माणसालाही कळते. त्याच माणसाला हेही कळत होते की नदीत मैला आपोआप येत नाही, कोणीतरी टाकतो. २०११ चा अहवाल मूळ इंग्रजीत आहे हे आम्हांला ठाऊक आहे, परंतु मराठीत आणायचा तर त्याचा निष्कर्ष या एकाच प्रयोगात बसतो. 'कॉलरा झाला', जसे उजाडले. भूकंपाचे व्याकरण उचलून ते कॉलऱ्याला लावण्यात आले.

याने फरक काय पडला, असे विचारणाऱ्यांनी वर्षे मोजावीत. जबाबदारी मान्य नाही म्हणून भरपाई नाही. भरपाई नाही म्हणून नळ, विहिरी, मलनिस्सारण यांसाठीचा पैसा 'दान' म्हणूनच मागावा लागला. आणि दानाला नेहमीचा थकवा येतो, देण्याला येत नाही. देणे असते तर त्याला मुदत असती, व्याज असते, तगादा लावण्याचा हक्क असता. १८२५ चे देणे कसे वसूल झाले ते आपण पाहिलेच. ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रसंघाच्याच मानवी हक्क यंत्रणेतील विशेष प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन यांनी आपल्या अहवालात या पवित्र्याला नैतिक, कायदेशीर आणि राजकीय अशा तिन्ही अंगांनी असमर्थनीय ठरवले, तेव्हा कोठे तटबंदीला चीर गेली.

आपल्याकडचे लोक म्हणतील, हैती दूर आहे. भाषेच्या दृष्टीने ते दूर नाही. शासकीय मराठीचे सर्वांत लाडके क्रियापद 'करण्यात आले' हे आहे. वाटप करण्यात आले, सर्वेक्षण करण्यात आले, पुनर्वसन करण्यात आले. आम्हीही ते वर दोन-तीनदा वापरले आहे. वाचकांनी परत जाऊन पाहावे, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी सुटले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जासह देशविदेशांतून पैसा आला आणि लातूर-उस्मानाबाद भागातल्या बावन्न गावांचे संपूर्ण स्थलांतर करण्यात आले. जाड दगडी भिंतींचे वाडे आणि त्यांच्यामधल्या वाकड्या बोळांची गावठाणे जाऊन त्या जागी काटकोनात आखलेले रस्ते आणि ओळीने उभी घरे आली. घरे सुरक्षित झाली, हे कमी नाही. दगडाखाली मेलेल्यांच्या वारसांना ते सांगायला नको. पण आम्हांला खटकतो तो त्या काळी रूढ झालेला शब्द: संस्था गावे 'दत्तक' घेत. दत्तक मूल घेतात. ज्या गावाला पाच-सातशे वर्षांची पांढरी आहे, जत्रा आहे, पाटलापासून परटापर्यंतच्या आठवणी आहेत, ते गाव एका रात्रीत अनाथ बालक ठरले आणि त्याचे पालक मुंबईहून वा परदेशातून आले. हैतीत हे रूपक शब्दशः उतरले. भूकंपाला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा तेहतीस मुलांना 'अनाथ' म्हणून सीमेपलीकडे नेऊ पाहणाऱ्या दहा अमेरिकी धर्मसेवकांना अटक झाली. चौकशीत निघाले की बहुतेक मुलांचे आईबाप जिवंत होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे की, या साऱ्याला पहिले उत्तर हैतीच्या लेखकांनी दिले, आणि फार लवकर दिले. त्या आठवड्यात पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये एक आंतरराष्ट्रीय साहित्य महोत्सव भरायचा होता, त्यामुळे बरेच लेखक शहरात होते. माँट्रियलला राहणारे दानी लाफेरिएर हे त्यांतले एक. त्यांनी वहीत केलेल्या नोंदींचे पुस्तक त्याच वर्षी आले. छोट्याछोट्या तुकड्यांचे हे पुस्तक आहे आणि त्यात माणसे सतत काहीतरी करीत असतात: शोधतात, विकतात, झाडतात, वाट पाहतात. 'शाप' हा शब्द हैतीच्या संदर्भात वापरणे थांबवा, असे त्यांनी भूकंपानंतर लगेचच जाहीरपणे सांगितले होते. यानिक लाआँस यांच्या त्याच वर्षीच्या पुस्तकाचे फ्रेंच नाव भूगर्भातल्या भेगांनाही लागू पडते आणि समाजातल्या भेगांनाही; मराठीत त्याला 'भेगा' म्हटले तर दोन्ही अर्थ शाबूत राहतात. क्रेयोल कादंबरीचे आद्य लेखक फ्रँकेतिएन (२०२५ मध्ये ते वारले) यांनी तर ढासळलेल्या जागेत अडकलेल्या दोन माणसांचे नाटक भूकंपाच्या आधीच लिहिले होते. भाकीत म्हणून त्याची चर्चा झाली, पण शहर कसे बांधले जात आहे हे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला भाकिताची गरज नव्हती. भूगोलतज्ज्ञ आणि कथाकार जॉर्ज आंग्लाद त्या दिवशी पत्नीसह गेले. आणि राऊल पेक यांनी मदतीच्या यंत्रणेचा दोन वर्षे पाठलाग करून २०१३ मध्ये अनुबोधपट काढला, त्याचे नावच 'प्राणघातक साहाय्य' अशा अर्थाचे आहे. आपल्या अभ्यासक्रमांत 'आपत्तीचे साहित्य' या शीर्षकाखाली यांतले काही शिकवले जात असेल तर आम्हांला आनंद होईल. बहुधा शिकवले जाते ते दात्याने लिहिलेले प्रवासवर्णन.

एक शेवटचा आक्षेप उरतो आणि तो सर्वांत गंभीर आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदतीची मुख्य संस्थाच मोडीत काढली. तिच्यावर अवलंबून असलेले दवाखाने जगभर बंद पडले. अशा वेळी मदतीवर टीका करणे म्हणजे ती तोडणाऱ्यांच्या हाती कोलीत देणे नव्हे काय? हा धोका आम्ही ओळखतो. तरीही तोडणाऱ्यांची भाषा ऐकावी: निधी आटला, कार्यक्रम संपुष्टात आले. पुन्हा ओघ, पुन्हा आटणे, पुन्हा ऋतुचक्र. देणाऱ्याने मर्जीने दिले आणि मर्जीने थांबवले, मधल्या काळात घेणाऱ्याला हक्क म्हणून काही लाभले नाही. आमची तक्रार मदत दिली याबद्दल नाही. ती कोणी दिली, कोणाला, कोणत्या देण्यापोटी, आणि बिघडले तेव्हा कोण हजर होते, ही चार उत्तरे एका वाक्यात मावतात आणि ते वाक्य टाळले जाते, याबद्दल आहे.

ते निम्मे उच्चारले गेले १ डिसेंबर २०१६ रोजी. सरचिटणीस बान की-मून यांनी आमसभेपुढे हैतीच्या लोकांची माफी मागितली, आणि ती आधी क्रेयोलमध्ये, मग फ्रेंच व इंग्रजीत मागितली. सहा वर्षांपूर्वी ज्या भाषेला विमानतळाशेजारच्या तळावर प्रवेशपत्र मिळत नव्हते तिला न्यूयॉर्कच्या व्यासपीठावर पहिली जागा मिळाली. माफी कशाची होती ते मात्र नीट वाचावे: साथ आणि तिचा फैलाव यांबाबत आम्ही पुरेसे केले नाही याची, आणि आमच्या 'भूमिके'ची. आणले, टाकले, तपासले नाही, लपवले, यांतले एकही क्रियापद तेथे नाही. त्यांचे काम 'भूमिका' या एका नामावर भागवले आहे. माफीबरोबर चाळीस कोटी डॉलरांची योजना जाहीर झाली, तिच्यासाठी वर्गणी सदस्य राष्ट्रांनी स्वेच्छेने द्यायची होती आणि पुढच्या वर्षांत तिचा लहानसा अंशच जमा झाला. २०१९ नंतर तीन वर्षे हैतीत कॉलऱ्याचा एकही रुग्ण नोंदला गेला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो पुन्हा सापडला. अशा बातमीसाठी मराठीत वाक्प्रचार तयारच आहे: कॉलऱ्याने पुन्हा डोके वर काढले.